लिझेतचा होकार

"सूनबाय, हसायचं नाय हां," मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. "एक काम हाय तुझ्याकडं."

त्यांच्या छत्रीचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. मी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर दामोदरचे, माझ्या नवऱ्याचे, शाळेत शिकवायला जायचे सदरे वाळवत होते. क्युरपीपमध्ये कपडे दोरीवर वाळत नाहीत, नुसते टांगलेले राहतात.

"सांगा ना, मामंजी."

"पलीकडं जा. लिझेतला म्हणावं, रागू विचारतोय, लग्न करशील काय?"

"कोणाशी?"

"माझ्याशी गो! आणखी कोणाशी?"

मी हसले नाही. सासऱ्यांसमोर मोकळेपणी हसावं इतकी त्या घरात मी अजून रुळले नव्हते. सदऱ्याची बाही करपल्याचा वास आला तेव्हा कुठे माझं लक्ष पुन्हा शेगडीकडे गेलं.

"दामूला इतक्यात सांगू नको," ते म्हणाले. "आधी तिचं काय ते कळू दे." आणि छत्री तशीच उघडी दारात ठेवून आपल्या खोलीत गेले.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन मॉरिशसला निघाले तेव्हा सगळ्यांनी मला निळा समुद्र, नारळाची झाडं आणि पांढरी वाळू यांची वर्णनं ऐकवली होती. ते सगळं तिथे आहेच, पण ते खाली, किनाऱ्याला. आमचं गाव बेटाच्या मधल्या पठारावर, ढगांच्या वाटेत. तिथले लोक गमतीने म्हणतात, क्युरपीपला ऋतू दोनच, एक पावसाळा आणि दुसरा पाऊस पडायचा. भिंतींवर शेवाळ, घराघरांना बांबूची दाट कुंपणं, दुपारी तीनला दिवे लावायला लागावेत असं धुकं. संध्याकाळी दुकानं बंद झाली की रस्त्यावर फक्त पन्हाळीतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज. पहिलं वर्षभर मला वाटायचं, कोणीतरी या गावाला गप्प बस म्हणून दटावलंय.

दामोदरचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजुरीला आलेले. कारकुनाने त्यांचं भिकाजी हे नावच आडनाव म्हणून लिहिलं आणि तेच पुढे चालत आलं. दामोदर मराठी शिकायला पुण्याला आला होता, तेव्हा माझ्या मामाकडे राहायचा. तिथूनच पुढे आमचं जमलं. तो क्युरपीपच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचा आणि घरातही पुस्तकातल्यासारखं बोलायचा. मामंजींचं मराठी मात्र पणजोबांच्या बोटीतून उतरलेलं, कोकणातलं, त्यात अर्धं क्रेओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, मिसळलेलं. ते जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. सासूबाई, सुभद्राबाई, मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या.

बापलेकांत भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. दामोदर पुण्याला असताना, ऐन परीक्षेच्या दिवसांत आई गेली आणि त्याला ते वेळेवर कळवलं नाही, एवढं मला मामाने लग्नाआधी सांगितलं होतं. दामोदरने स्वतः कधी विषय काढला नाही. तो वडिलांना औषध आणून द्यायचा, चष्मा दुरुस्त करून आणायचा, त्यांच्यासमोर कधी आवाज चढवायचा नाही. पण एखाद्या पाहुण्याशी वागावं तसं सगळं चालायचं. मामंजी दिवसभर घरात पावलांचा आवाज न करता वावरायचे आणि चार वाजले की छत्री घेऊन गल्लीपलीकडच्या लिझेतकडे चहाला जायचे.

तिला सगळी गल्ली तांतीन लिझेत म्हणायची. तांतीन म्हणजे मावशी. उंच, हडकुळी, सत्तरीच्या आसपासची क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाची ख्रिस्ती बाई. नवरा कधीच वारलेला, मुलगा फ्रान्समध्ये. शाळेचे गणवेश आणि चर्चमधल्या समारंभांचे मुलींचे पांढरे झगे शिवायची. तिच्या लाकडी घरावर तांबड्या रंगाचा पत्रा होता, आणि त्यावर पावसाचा इतका आवाज व्हायचा की आत बसलेल्यांना जरा ओरडूनच बोलावं लागायचं. कदाचित म्हणूनच मामंजींना तिथे मोकळं वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी दामोदर शाळेत गेल्यावर मी गेले. क्रेओलमध्ये काय बोलायचं ते रात्रीच मनात घोळवून ठेवलं होतं.

"तांतीन, मला मामंजींनी पाठवलंय. ते विचारताहेत..."

शिलाई मशीनचं चाक थांबलं. "पुन्हा?" ती म्हणाली.

"पुन्हा म्हणजे?"

"बस, मो फी." मो फी म्हणजे माझी पोरी. तिने खुर्चीवरचे झगे उचलून मला जागा करून दिली. "त्याने मला ईस्टरच्या आधी विचारलं. तू बसलीयस त्याच खुर्चीत बसून. मी हो म्हटलं. या वयात विचार करायला वेळ कोण मागतो? मग मी केक केला, आम्ही दोघांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो आला, चहा घेतला, भाजी महाग झाली म्हणाला आणि गेला. मला वाटलं, लाजतोय. आठवड्याने पुन्हा आला. टोपी काढून हातात धरली, घसा खाकरला आणि विचारलं. पहिल्यांदा विचारतात तसं. शब्दसुद्धा तेच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? हो म्हटलं. तेव्हा केक नव्हता, बिस्किटं होती."

मला हसू फुटलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून माझंही तिथेच अडखळलं.

"मीही आधी हसलेच होते," ती म्हणाली. "पण तो मस्करी करत नव्हता गं. आणि आता तुला पाठवलंय म्हणजे त्याच्या लेखी मला विचारायचा धीर त्याला अजून व्हायचाच आहे."

पत्र्यावर सर वाजत होती. घरातल्या कितीतरी गोष्टी एकदम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चहात दोनदा साखर घालून घेणं. मला मधूनच "सुभद्रे" म्हणून हाक मारणं. बाजारातून रिकाम्या हाताने परत येणं आणि "काय नव्हतंच आज" असं म्हणणं. मी त्या सगळ्याला म्हातारपण म्हणत आले होते.

"तुम्हाला माहीत आहे, तरी लग्न करायचंय?" मी विचारलं.

"माहीत आहे म्हणूनच तर." तिने चष्मा काढून हातातल्या पांढऱ्या झग्यालाच पुसला आणि स्वतःवरच चिडून तो बाजूला ठेवला. "सुभद्रा अंथरुणाला खिळली तेव्हा मी रोज तिच्याजवळ बसायचे. तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे. शेवटच्या दिवशी तुमची माणसं जमली. त्यांनी मला अगदी प्रेमाने बाजूला केलं. शेजारीण होते ना मी. मी व्हरांड्यात उभी होते. आता रागूच्या वेळी मी व्हरांड्यात उभी राहणार नाही. तो माझं नाव विसरायच्या आत हे होऊन जाऊ दे."

मी उठले. "मग त्यांना काय सांगू?"

"हो म्हणाली म्हणून सांग. तो जितक्या वेळा विचारील तितक्या वेळा सांग. आणि दामोला खरं काय ते सांग. तुला जमेल ना?"

जमेल म्हटलं.

मामंजी फाटकातच उभे होते.

"काय म्हणाली?"

"हो म्हणाल्या."

"लगेच?"

"लगेच."

"विचार कर म्हणायचं होतंस गो तिला," ते म्हणाले. पण चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. आत जाऊन त्यांनी कंगवा ओला केला आणि उरलेसुरले केस नीट भांग पाडून बसवले. चार वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

दामोदरला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो जेवणाच्या टेबलावर मुलांच्या वह्या तपासत होता. आधी लग्नाचं सांगितलं, तेव्हा त्याने लाल पेनचं टोपण लावलं. मग विसरण्याचं सांगितलं, तेव्हा त्याने पुढ्यातली वही मिटली.

"तुला हे तिने सांगितलं?"

"हो. पण आपल्यालाही दिसायला हवं होतं, अहो."

तो उठून वडिलांच्या खोलीत गेला. मी दाराशी उभी राहिले.

"बाबा, आज दुपारी काय जेवलात?"

मामंजी खाटेवर बसले होते. मुलगा आपणहून खोलीत आला म्हणून ते गडबडून उभे राहिले. "आज? मासे होते."

मी शूशूची भाजी केली होती. शूशू म्हणजे तिथल्या प्रत्येक कुंपणावर चढणारं भोपळ्याच्या जातीचं फळ. आठवड्यातून चारदा आमच्याकडे तेच असायचं.

"आज वार कोणता?"

"वार..." मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर न येणारा मुलगा शेजारच्या बाकावर बघतो ना, तसं. "शनवार."

"आणि मी कुठल्या शाळेत शिकवतो?"

"तू मोठ्या शाळेत हायस, दामू. फार मोठ्या," मामंजी म्हणाले आणि सदऱ्याची लावलेलीच बटणं पुन्हा लावायला लागले.

"पुरे झालं," मी म्हणाले. मी त्या घरात मोठ्याने बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. दामोदर मागे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

डॉक्टरने तपासलं. हे असंच हळूहळू उतरत जाणार, औषध नाही, माणूस सोबत हवं, असं त्याने सांगितलं. घरी येताना बसमध्ये दामोदर माझ्याशी पुस्तकातलं वाचून दाखवावं तसं बोलला. आजारी माणसाचं लग्न कोणी लावत नाही. उद्या लोक म्हणतील, भिकाजींनी म्हातारा शेजारणीच्या गळ्यात बांधला. मराठी मंडळाचा चिटणीस मीच, गणपती तोंडावर आलेत, मी कोणाकोणाला उत्तर देऊ? आणि आपण आहोत ना त्यांना बघायला?

आपण म्हणजे मी, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"शिवाय त्यांचं तिकडे जाणंही आता बंद," तो म्हणाला. "गल्ली ओलांडताना काही झालं म्हणजे?"

त्याने वडिलांनाही तसंच सांगितलं. मामंजी "बरं" म्हणाले. वाद नाही, कारण विचारणं नाही. चार वाजले की ते खिडकीशी जाऊन बसत. पलीकडे लिझेत तिच्या खिडकीशी येई. मधे पाऊस. मी कधी केलेलं काहीतरी वाटीत घालून तिला नेऊन देई, आणि ती रिकामी वाटी न देता त्यात दोन बिस्किटं घालून परत करी. मामंजी ती बिस्किटं खायचे आणि विचारायचे, "कोणी दिली गो?"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लिझेत स्वतः आली. दामोदर फाटकाशी छत्री घेऊन उभा राहिला, पण त्याने तिला आत बोलावलं नाही.

"दामो, मी तुझ्याकडे काही मागायला आले नाही," ती म्हणाली. "माझं घर आहे, माझं मशीन आहे. त्याचं पेन्शन तुम्हीच ठेवा. मला तो हवाय."

"ते तुम्हाला ओळखणारही नाहीत काही दिवसांनी."

"मी ओळखीन की त्याला."

"तांतीन, तुम्ही चांगल्या आहात. म्हणूनच मी हे होऊ देणार नाही."

"तुझ्या आईला न्हाऊ घातलंय मी या हातांनी."

दामोदरचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तेव्हा मला कोणी काही विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "आता विचारताय, तर मी नाही म्हणतोय."

लिझेत त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हललेही. मग तिने स्कार्फ डोक्यावर ओढला आणि निघून गेली.

त्या आठवड्यात मी मिरजेला वडिलांना फोन करायचा ठरवून पोस्टात गेले आणि रांगेत उभी राहून तशीच परत आले. काय सांगणार होते? नवरा मारत नाही, ओरडत नाही. फक्त आपल्या म्हाताऱ्या बापाची तोंडी परीक्षा घेतो, आणि मला वाटतं की पुढेमागे माझीही घेईल. अशा कारणासाठी कोणी मुलीला माहेरी बोलावून घेत नाही.

मग एका दुपारी मामंजी नाहीसे झाले.

मी मागच्या अंगणात शूशू काढायला गेले होते, तेवढ्यात. खोलीत चपला नव्हत्या, छत्री मात्र तिथेच. मी धावत लिझेतकडे गेले. तिथे नव्हते. ती हातातलं शिवण टाकून तशीच पावसात बाहेर पडली आणि चर्चच्या बाजूला गेली. मी दामोदरच्या शाळेकडे निघाले, तर तो वाटेतच भेटला. आम्ही दोघांनी बाजार पाहिला, बाग पाहिली, पाववाल्याच्या दुकानात विचारलं. धुकं इतकं उतरलं होतं की समोरून येणारा माणूस हाताच्या अंतरावर आल्यावर दिसायचा. दामोदर दर वेळी "बाबा?" म्हणायचा आणि कोणीतरी अनोळखी माणूस मान हलवून पुढे जायचा.

"बस स्टँड," मी म्हणाले. "ते कंडक्टर होते ना."

ते तिथे होते. सिमेंटच्या मोठ्या छपराखाली, शेवटच्या बाकावर, अंगावर ओला सदरा, हात गुडघ्यांवर. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे ते लक्षपूर्वक बघत होते.

दामोदर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या अंगावर बसचे कंडक्टर घालतात तसा खाकी रेनकोट होता, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. मामंजींनी वर पाहिलं आणि सरकून जागा केली.

"बस की," ते क्रेओलमध्ये म्हणाले. "सुटी झाली तुझी?"

मी खांबाशी थांबले. मला वाटलं, आता तो वार विचारील. पण तो बसला.

"झाली," तो म्हणाला. "तुम्ही घरी नाही जात?"

"जायचंय. पण घरी माझा मुलगा असतो."

"मग काय झालं?"

"फार शिकलाय तो. इंडियात शिकून आला." मामंजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी भितो त्याला."

"मारतो का?"

"छे, छे! कधी वाकडा शब्द नाही. तेच तर. एकदा काय ते बोलला असता तर बरं झालं असतं. त्याची आई गेली ना, तेव्हा तो तिकडे होता. येऊन पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याने बॅग खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तेव्हापासून विचारलं नाही."

दामोदर ओल्या फरशीकडे बघत होता. "कळवायचं ना त्याला."

"मी तार लिहून घेतली होती. खिशात होती माझ्या. पण ती नको म्हणाली." मामंजींचं बोलणं इतकं सरळ, इतकं न अडखळता मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. "म्हणाली, त्याची परीक्षा आहे. कळलं की धावत येईल, वर्ष जाईल, मग पुन्हा जायला पैसे कुठून आणायचे? तो शिकू दे. मी म्हटलं, अगो, तो मला कधी माफ करायचा नाही. तर म्हणाली, नाही करणार, पण शिकेल."

एक गाडी येऊन थांबली, माणसं उतरली, गाडी गेली.

"मग हे त्याला सांगितलं का नाही?" दामोदरने विचारलं.

"कसं सांगू? त्याला वाटेल, शेवटच्या वेळी आईलाच मी नको झालो होतो. पोराला असं वाटून चालेल काय? त्यापेक्षा माझ्यावर रागावलाय ते बरं. मी समोर तरी आहे रागवायला. तिला कुठे शोधील तो?" त्यांनी दामोदरच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू ओळखतोस त्याला? शाळेत असतो. भेटला तर बोलू नकोस हां यातलं काही."

दामोदरच्या टोपीवरून पाणी निथळत होतं. तो ते पुसत नव्हता.

"नाही सांगणार," तो म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

मग मामंजी उठले, गाडीत आमच्या पुढच्या बाकावर बसले आणि सारा रस्ता कंडक्टर तिकिटं नीट देतो की नाही ते बघत राहिले. मला सगळं ऐकू आलं होतं हे दामोदरला माहीत होतं. त्याने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. असा हात त्याने लग्नात भटजींनी सांगितल्यावर धरला होता, त्यानंतर आज.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लिझेतच्या खिडकीत उजेड होता. दामोदर तिच्या फाटकाशी थांबला. मामंजी सापडले हे तिला सांगायला थांबला असेल असं मला वाटलं. पण त्याने फाटक उघडलं, वडिलांचा हात धरला, त्यांना पायऱ्या चढवल्या आणि दार वाजवलं.

तिने दार उघडलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल. ती आधी मामंजींकडे आणि मग दामोदरकडे बघत राहिली.

"तांतीन, बाबा भिजलेत," दामोदर म्हणाला. "चहा आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

"मग त्यांना आत घ्या." तो पायरीवरच उभा होता. "लग्नाच्या कचेरीत कागद कोणते लागतात ते मी उद्या विचारून येतो."

लिझेतने टॉवेल खांद्यावरून काढला आणि मामंजींचं डोकं पुसायला लागली, लहान मुलाचं पुसतात तसं, जरा जोरातच.

लग्न गणपतींनंतर झालं. मंडळातले अर्धे लोक आले, अर्धे आले नाहीत, आणि न आलेल्यांनीही पुढे जिलेबी मागून खाल्ली. साक्षीदार म्हणून मी सही केली. मामंजींनी दामोदरचा कोट घातला होता. अधिकाऱ्याने विचारल्यावर त्यांनी इतक्या मोठ्याने हो म्हटलं की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. लिझेतच्या पाद्र्याने नंतर घरी येऊन दोघांना आशीर्वाद दिला.

मामंजी गल्ली ओलांडून पलीकडे राहायला गेले. पुढची चार वर्षं ते तिथेच होते. बरे दिवस होते, वाईटही होते. वाईट दिवसांत ते लिझेतला घरातून जा म्हणायचे, आणि ती व्हरांड्यात जाऊन शिवत बसायची. थोड्या वेळाने ते तिला बाहेर पावसात बसलेली बघून स्वतःच आत बोलवायचे. दामोदर रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांची दाढी करायला जायचा. मामंजी त्याला कधी दामू म्हणायचे, कधी साहेब, आणि बहुतेक वेळा काहीच नाही. पण दाढी होईपर्यंत मान उचलून, डोळे मिटून अगदी निवांत बसून राहायचे. भीती कुठे गेली कोण जाणे. बहुधा तीही विसरले असावेत. दामोदर त्यांच्याशी काहीबाही बोलत असायचा, शाळेतलं, पावसाचं, मुलीने पहिलं पाऊल टाकल्याचं. आमची शोभा तोवर झाली होती. मिरजेला त्या कारणासाठी फोन करायचा मी पुन्हा कधी विचार केला नाही.

ते गेले तेव्हा लिझेत त्यांच्या उशाशी बसली होती. माणसं जमली, जो तो मागे सरकून तिला जागा करून देत होता.

दिवसकार्य उरकल्यावर एका संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला आली. मामंजींच्या जागी बसली आणि बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिली.

"दामो," ती एकदम म्हणाली, "इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणते. तू तर ठाम नाही म्हणाला होतास. मग त्या दिवशी काय झालं?"

दामोदरने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही चहाच्या भांड्यावरून नजर उचलली नाही. सुभद्राबाईंच्या अंथरुणाशी रोज बसणाऱ्या या बाईला त्या न पाठवलेल्या तारेचं काहीच ठाऊक नसेल का, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. त्याचं उत्तर मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

"काही नाही, तांतीन," दामोदर म्हणाला. "पाऊस फार होता. तुमचं घर आधी लागलं."

"हं," लिझेत म्हणाली, आणि तिने साखरेची बरणी त्याच्याकडे सरकवली.